समुद्रपूरकडची मलायी कट्यार

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. चिपळूणला कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. बाटलीवर काय लिहिलंय त्यापेक्षा आत काय आहे ते हुंगून बघायची सवय तिथेच लागली. नवरा जहाजावर इंजिनिअर. लग्नानंतरच्या पहिल्याच सफरीवरून या गृहस्थाने साडी आणायची सोडून पिनांगच्या बाजारातून एक नागमोडी कट्यार आणली. मलाया, जावा, सुमात्रा या मुलखातली ही कट्यार. तिकडे तिला क्रिस म्हणतात. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. मग काय झालं कोण जाणे, मीच तिच्या नादी लागले. आज घरात साड्यांपेक्षा पात्यांचीच उठबस जास्त आहे. क्रिस आहेत, एक नेपाळी खुकरी आहे, ब्रह्मदेशातली लांब मुठीची तलवार आहे.

पण खरं सांगू? त्यातल्या निम्म्यांवर माझा विश्वास नाही. या धंद्यात लबाडी फार. काल घडवलेलं पातं तेजाबात बुडवायचं, मातीत पुरायचं, वर काढायचं आणि म्हणायचं की सुलतानाच्या कमरेची आहे. कुठून निघाली, कोणाकोणाच्या हातून आली, हे छातीठोकपणे सांगता येईल अशी एकही क्रिस माझ्याकडे नव्हती. तशी एक मिळावी एवढीच माझी हाव होती. म्हणून वर्धा जिल्ह्यातून जेव्हा एका क्रिसचा फोटो मोबाइलवर आला, तेव्हा मला आनंद व्हायच्या आधी शंका आली. समुद्रपूर! नावात समुद्र आहे तेवढाच, बाकी समुद्र तिथून कुठल्या कुठे. तिथे मलायी कट्यार काय करतेय?

नवरा झोपाळ्यावरून म्हणाला, "जाऊन बघ. खरी असली तर उचलून आण."

बोरगाव मेघे

वर्ध्याला उतरले ती वैशाखाच्या उन्हात. आमच्या कोकणात उन्हाळ्यात माणूस घामाने भिजतं. इथे घाम यायच्या आतच वाळतो आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. माझी शाळेतली मैत्रीण नंदा लग्न होऊन इकडे आली, नर्सची नोकरी करून निवृत्त झाली आणि आता बोरगाव मेघेत राहते. फोटो तिच्याच ओळखीतून आला होता. तिने दारातच माझ्या हातावर गोरसपाक ठेवला. ही इथली तुपातली खुसखुशीत बिस्किटं. कूलरसमोर बसून मी किती खाल्ली ते विचारू नका.

संध्याकाळी दिलीप आला. समुद्रपूरकडच्या एका शाळेत मास्तर, नंदाच्या शेजाऱ्यांचा जावई. कट्यार त्याच्या मामीची, फोटो त्याने काढलेला. मी त्याला खुर्चीवर बसू दिलं आणि सरळ उलटतपासणीला सुरुवात केली. कट्यार घरात आली कशी? विकायचं कोणी ठरवलं? आणखी कोणाला दाखवली?

"मामाचा आजा लढाईत पलटणीसंगं मलायात गेलता मॅडम. खच्चरं हाकायले. तिकूनच आनली."

"आणि विकायची आहे?"

"हो... मामी तं तसंच मनते." बोलताना तो माझ्याकडे न बघता कूलरकडे बघत होता. हे मी टिपून ठेवलं.

"तुम्हाला यात काय मिळणार?"

"मले?" तो चपापला. "मले काय भेटणार मॅडम? मामीची बोलणी तेवढी भेटतीन."

नंदा आतून ओरडली, "अगं, चहा तरी घेऊ दे त्याला! चोर पकडल्यासारखी काय करतेस?" पण मला त्याचं ते कूलरकडे बघणं काही आवडलं नव्हतं.

समुद्रपूरच्या पुढे

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्यासारखे आणखी चार जण तिथे जाऊन उभे राहायला नकोत. लाल बसने हिंगणघाटवरून समुद्रपूर आणि तिथून दिलीपच्या मोटारसायकलवर मागे बसून, डोक्याला ओला दुपट्टा बांधून. कपाशी कधीच निघाली होती. बांधाबांधावर पऱ्हाट्यांचे, कपाशीच्या वाळल्या काड्यांचे ढीग, काळी भेगाळलेली जमीन, मध्येच एखादा पळस. आमच्याकडे डोंगराआड काय आहे ते दिसत नाही. इथे सगळं उघडं. कोण येतंय ते गावाला लांबूनच दिसतं. त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा ओट्या-ओट्यावर माणसं उभी होती आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या झोळीवर. झोळीत भिंग, लोहचुंबक, तेलाची बाटली आणि कापूस होता. त्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

घरापुढे मांडवाचे बांबू रोवायचं काम चाललं होतं. दिलीपच्या मामी, वत्सलाबाई, पदर खोचून मजुरांवर ओरडत होत्या. पन्नाशीच्या, हाडकुळ्या, डोळे मात्र अंगावर आल्यासारखे. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं.

"तुमीच काय वं त्या कट्यारवाल्या ताई? या. पायावर पानी घ्या. आंधी जेवा, मंग पाहू."

"आधी बघते, मग जेवते," मी म्हटलं. जेवू घालून भिडेत पाडायची रीत मला ठाऊक आहे.

"कट्यार कुटी पळून नाई चालली. भाजी थंडी होऊन राह्यली."

मी जेवायला बसले. पाटवडीचा रस्सा होता, बेसनाच्या वड्या आणि वर लालभडक तर्री. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दुसऱ्या घासाला मी आणखी मागून घेतला. नारळाशिवाय रस्सा होऊ शकतो हे चिपळूणच्या माणसाला सांगूनही पटणार नाही. जेवताना कळलं की लग्न त्यांच्याच मुलाचं, अमोलचं. हळद परवावर आली होती. लग्नाच्या घाईत कोणी घरातली जुनी वस्तू विकायला काढतं का? माझी शंका आणखी घट्ट झाली.

मग त्यांनी लाल फडक्यात गुंडाळलेली कट्यार माझ्यापुढे ठेवली.

मूठ बघून मी कपाळाला हात लावला. चक्क विळ्याची बाभळीची मूठ! म्यानाचा पत्ता नाही. पण फडकं पूर्ण सोडलं आणि मी झोळीतून भिंग काढलं. पात्याच्या लाटा मोजल्या. खऱ्या क्रिसला त्या नेहमी विषम असतात, इथेही तशाच होत्या. पात्याच्या मुळाशी एक आडवा तुकडा वेगळा घडवून बसवलेला असतो. नकली मालात तिथे नुसती रेघ ओढतात. भिंगाखाली बघितलं. वेगळा बसवलेला होता, आणि असा सुरेख की नखालाही सांधा लागेना.

आणि तेवढ्यात टोक दिसलं. सगळं पातं घासून पांढरंफटक आणि टोकाचा बोटभर भाग मात्र काळपट, खाल्लेला. लोखंडाचे थरावर थर चढवून केलेली नक्षी तिथे अगदी उठून दिसत होती. आम्ही प्रयोगशाळेत आयुष्य काढलेली माणसं. आम्लाने खाल्लेलं लोखंड मला अंधारातही ओळखता येईल. म्हणजे कोणीतरी नक्षी दाखवून गिऱ्हाईक भुलवायला टोक तेजाबात बुडवलं होतं.

"याला तेजाब कोणी लावलं?" मी दिलीपकडे बघून कडाडले. "खरं सांगा. फोटो काढायच्या आधी लावलंत ना?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वत्सलाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि हसू दाबता दाबता त्यांना ठसका लागला.

"तेजाब कायचं वं ताई! लिंबू व्हय ते, लिंबू!"

हळद लागली की इकडे नवरदेवाच्या हातात कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू खोचतात. लग्न लागेपर्यंत ती त्याच्याजवळच, लिंबू टोकाला तसंच. आमच्याकडे नवरदेवाच्या हातात फार तर नारळ, म्हणून माझ्या डोक्यात हे आलंच नाही. आणि या गावात कोणाही पोराचं लग्न निघालं की कट्यार न्यायची ती वत्सलाबाईंच्याच घरातून. दिलीपच्या मामाच्या आज्याने आणली तेव्हापासून गावातला प्रत्येक नवरदेव हीच क्रिस हातात घेऊन बोहल्यावर चढलेला. उरलेलं पातं दरवर्षी दसऱ्याला राखेने आणि विटेच्या भुकटीने घासून लख्ख. बिचारी नक्षी टोकापुरती उरली ती त्या लिंबांच्या कृपेने.

गंमत म्हणजे मलायातही क्रिस लिंबाच्या रसाने धुतात. हे मी त्यांना सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तोवर माझ्या मनाने गाठ मारली होती. खरी आहे. घर ठाऊक, हात ठाऊक, गाव ठाऊक. हीच ती. ही मला हवी.

"विकणार ना?" मी विचारलं.

वत्सलाबाई माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. "ते मंग. आंधी मले एक सांगा. हे चांगली हाय का वाईट?"

मग सगळं बाहेर आलं. नवरीकडच्या कोणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला होता. मलायातल्या वाकड्या कट्यारी रक्त प्यालेल्या असतात, ज्याला मानवत नाहीत त्याचं घर बुडवतात, वगैरे. नवरीच्या बापाने निरोप धाडला की ती कट्यार नवरदेवाच्या हातात दिसली तर आम्ही मुलगी उभी करणार नाही.

"मग दुसरी घ्या की," मी म्हटलं.

"तसं कसं घेता येते ताई?" त्यांचा आवाज एकदम चिरकला. "आज माह्या घरानं दुसरी घेतली, का गावाले कबूल केल्यासारखं झालं का हे वाईट हाय मनून. अख्ख्या गावाच्या लग्नात हेच व्हती ना! कोनाचा नवरा ट्रॅक्टरखाली गेला, कोनाले लेकरू नाई झालं. सारं आमच्या घरावर येईन. एक जनी तं आतापासूनच बोलून राह्यली. मले या गावात राहाचं हाय. म्या कोनाकोनाले तोंड देऊ?"

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात आडवा केला. "आज नोका सांगू. परवा हळदीले इवाई येतीन. त्याईच्या समोर सांगजा." इवाई म्हणजे व्याही, नवरीचा बाप.

सेवाग्राम

मधला दिवस मोकळा होता, म्हणून नंदा मला आश्रमात घेऊन गेली. मातीच्या भिंती, कौलं, खाली चटया. बाहेर भट्टी पेटलेली आणि आत मात्र सुखद गार. लोक आपोआप हळू बोलत होते. एका झाडाखाली आम्ही दोघी बसलो. माझ्या डोक्यात कट्यार. इथे बसून दुसरं काहीतरी सुचायला हवं होतं याची मला लाज वाटली, पण सुचत नव्हतं हे खरं.

हिशेब सोपा होता. उद्या मी फक्त म्हणायचं, "वाईट आहे." त्या कट्यार घराबाहेर काढायला उतावीळ होतील आणि माझी झोळी तयारच आहे. खोटंसुद्धा फार बोलावं लागणार नाही. मलायातही म्हणतात की प्रत्येक क्रिस प्रत्येकाला मानवत नाही. तेवढंच सांगायचं आणि बाकीचं गिळून टाकायचं.

बाकीचं म्हणजे काय, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मलायात लग्नाच्या दिवशी नवरदेव राजा असतो, आणि राजासारखी तो कमरेला क्रिस खोचतो. आज इतक्या वर्षांनंतरही खोचतो. वत्सलाबाईंच्या दारात ही कट्यार जे करत आली तेच तिचं माहेरचंही काम. हे एक वाक्य बोललं की व्याह्यांचं तोंड बंद, आणि क्रिस कायमची समुद्रपूरकडे.

नंदाने सहज विचारलं, "तिकडे त्या कट्यारीचं करतात तरी काय गं?"

"काय करणार? भिंतीवर टांगतात," मी म्हणाले.

शाळेपासूनची मैत्रीण, आणि तिच्याशी मी बसल्या जागी खोटं बोलले. तिने मानही हलवली. मला स्वतःचा असा काही राग आला की परतीच्या रिक्षात मी तिच्यावरच खेकसले, ऊन फार आहे म्हणून.

हळद

हळदीच्या दिवशी पोचलो तेव्हा अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवावर रोडगे भाजत होते. कणकेचे हे जाड गोळे, वरून करपलेले दिसतात आणि फोडले की आतून लुसलुशीत. सोबत वांग्याची भाजी. मी एकच घेतला.

व्याही आले. धिप्पाड माणूस, पांढरा सदरा, हाताची घडी. बरोबर दोघे भाऊबंद, त्यांचीही घडी. मांडवातले लोक कामं टाकून जवळ सरकले. वत्सलाबाईंनी फडकं सोडून कट्यार पाटावर ठेवली आणि मला म्हणाल्या, "सांगा ताई."

मी अमोलकडे बघितलं. हळदीचे कपडे घातलेला पोरगा मांडवाच्या खांबाला धरून उभा होता आणि त्याचं लक्ष कट्यारीकडे नव्हतंच. तो होणाऱ्या सासऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याच्या आईचा हात पाटाच्या कडेला घट्ट होता, बोटं पांढरी पडलेली.

माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोलले असं म्हणवत नाही. "चांगली आहे," मी म्हटलं. "अस्सल आहे. हिने कधी कोणाला मारलं का, ते मी तर नाहीच, कोणीच सांगू शकणार नाही. पण हिच्या देशात लग्नाच्या दिवशी नवरदेव हीच कमरेला लावतो. आणि तिथे हिला लिंबाच्या रसानेच धुतात. तुमच्या गावाने नकळत सगळं तिच्या घरच्यासारखंच केलंय."

माझ्या मोबाइलमध्ये नवऱ्याच्या एका मलायी मित्राच्या मुलाच्या लग्नाचा फोटो होता. भरजरी कपड्यांतला नवरदेव, कमरेला क्रिस. तो मी व्याह्यांसमोर धरला. त्यांनी बोटांनी मोठा करून करून बघितला.

"तुमी तं हे घ्याले आलत्या ना मॅडम?" ते म्हणाले. डोळे बारीक झालेले.

"हो."

"मंग?"

वत्सलाबाई याच प्रश्नासाठी थांबल्या होत्या. "आयकलं काय इवाई?" त्या उभ्या राहिल्या. "दोन जन आंधी येऊन गेले. एक बुवा, एक नागपूरचा जुन्या वस्तूवाला. दोघंई मनले, वाईट हाय. अन् दोघंई मनले, द्या आमच्याजवळ, आमी सोय लावतो. तवाच मले समजलं. मनून म्या दिलीपले सांगतलं, जिले हे लय आवडते अशी बाई आन, विकाची हाय मनून सांग. जिले घ्याची हाय तिनं वाईट मनलं तं कोन इस्वास ठेवीन? पन जिले घ्याची हाय तेच चांगली मनते, मंजे हातची सोडते, तिचं खोटं कसं मनान?"

दिलीप कूलरकडे का बघत होता ते मला आत्ता कळलं. व्याह्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा विहिणीकडे बघितलं आणि हाताची घडी सोडली. "लिंबू आना," ते म्हणाले. मांडवात एकदम गलका झाला आणि कोणीतरी वाजंत्रीवाल्यांना हाक मारली.

मला मात्र राहवेना. गर्दीतून वत्सलाबाईंना बाजूला ओढलं. "आणि मी वाईट आहे म्हटलं असतं तर?"

"तं काय? जेवू घालून बसमधी बसवून देल्लं असतं."

"आणि कट्यार?"

"कट्यार काऊन देऊ तुमाले?" त्या खरोखर आश्चर्याने म्हणाल्या. "खोटं बोलनाऱ्याच्या हाती आमी विळाई देत नाई."

म्हणजे झाडाखाली बसून केलेला माझा सगळा हिशेब पाण्यात! खोटं बोलले असते तरी हात हलवतच आले असते. मी, बाटल्या हुंगून बघणारी, आल्यापासून सगळ्यांना तपासत होते, आणि ही बाई मला. राग आला. मग हसू आलं. दोन्ही एकदमच आलं म्हणा ना.

हळद लागली. अमोल पिवळाधमक झाला, हातात क्रिस, टोकाला लिंबू. आता त्याला आंघोळीला जायचं होतं. एकदा हळद लागली की ही कट्यार खाली टेकवायची नाही, कुठे टांगायची नाही. नवरदेवाच्या हातात नसेल तेव्हा कोणाच्या तरी हातात हवी. दोघे-तिघे मावसभाऊ हात पुढे करून उभे होते. वत्सलाबाईंनी पोराच्या हातातून कट्यार घेतली, भावांच्या मधून वाट काढत माझ्यापर्यंत आल्या आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"धरा जरा," त्या म्हणाल्या आणि रोडगे करपले म्हणून ओरडत चुलीकडे निघून गेल्या. एकदाही वळून बघितलं नाही.

माझी झोळी खांद्याला होती. मागचं दार उघडं होतं. नाकावर माशी बसली तरी मला हात हलवता येईना. मी दोन्ही हातांनी क्रिस धरून तशीच उभी राहिले, नवरदेव येईपर्यंत.